पाइपलाइनच्या उलट्या दिशेनं

आमच्या इमारतीत पाणी पहाटे साडेचारला येतं. वॉचमनकाका पंप चालू करतात, त्याची घरघर जिन्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढते आणि आईला जाग येते. तिला गजर लागत नाही. आता मलाही लागत नाही. ती पाणी भरायला उठते, मी सायकल काढायला. रविवारी पहाटे त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात आम्ही दोघी एकमेकींच्या पायात येतो. तिची कळशी, माझ्या दोन बाटल्या.

"आज कुठं?"

"बारवी."

"एकटीच?"

"एकटीच."

यानंतर आई काही बोलत नाही. नळ मात्र जरा जोरात बंद करते.

आम्ही डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी विभागात राहतो. आमच्या नळाचं पाणी बारवी धरणातून येतं, हे मला शाळेपासून माहीत होतं. पण सूर्य पूर्वेला उगवतो हे जसं माहीत असतं, तसं. उगवताना पाहिलेला नसतो. बाबांनी इथल्याच एका रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. तो कारखानाही त्याच पाण्यावर चालायचा. त्यांनीही धरण पाहिलेलं नव्हतं. दर जूनमध्ये ते पेपरातला बारवीचा टक्का मोठ्यानं वाचून दाखवतात आणि आई एक जास्तीची बादली भरून ठेवते. आमचा आणि धरणाचा संबंध एवढाच.

त्या रस्त्याबद्दल सांगायचं तर आधी माझ्या पडण्याबद्दल सांगावं लागेल.

सायकल मी २०२० मध्ये घेतली, लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर. लोकल बंद होत्या, जिम बंद होत्या, आणि रस्ते इतके मोकळे होते की डोंबिवलीहून शिळफाट्याला जाताना पक्ष्यांचे आवाज यायचे. ते काही महिने टिकलं. मग गाड्या परत आल्या आणि आधीपेक्षा जास्त आल्या. मी तरी चालवत राहिले. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका सकाळी घरापासून जेमतेम चार किलोमीटरवर पुढच्या टेम्पोनं ब्रेक मारला, मी डावीकडे घेतली, आणि तिथं पाण्यानं भरलेला खड्डा होता. तो खड्डा आहे हे पुढचं चाक आत गेल्यावरच कळलं. खांद्याजवळचं हाड मोडलं. एका रिक्षावाल्यानं आणि भाजीवाल्या काकांनी मिळून उचललं. त्या सकाळचं दुखणं आता मला नीट आठवत नाही, हॉर्न आठवतात. मी रस्त्यावर पडलेली होते आणि मागचे हॉर्न थांबले नाहीत.

सहा आठवडे हात गळ्यात बांधलेला होता. बाबांनी सायकल बाल्कनीत हुकाला टांगली. तिच्या हँडलवर आई टॉवेल वाळत घालायला लागली. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण सायकलचं फर्निचर झालं होतं.

बाबांचा सायकलवर राग आहे, असं मी तेव्हा समजत होते. तो राग नाही, हे नंतर कळलं. १९८६ पासून जवळजवळ दहा वर्षं ते सायकलनं कामावर गेले. काळी ॲटलस, मागे कॅरियरला डबा, पँटला क्लिप. स्कूटर घेतली त्या दिवशी आजीनं पेढे वाटले. त्यांच्यासाठी सायकल ही मागे टाकायची वस्तू होती. मुलीनं पगारातले पस्तीस हजार घालून तीच परत घरात आणावी, रविवारी हौस म्हणून चालवावी आणि त्यात हाड मोडून घ्यावं, याचा मेळ त्यांना लागत नव्हता.

डिसेंबरमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली. मी टॉवेल काढला, चेनला तेल घातलं, टायरमध्ये हवा भरली आणि गेटबाहेर पडून पहिल्या सिग्नलला उतरले. मागून बस आली आणि हात थरथरायला लागले. सायकल हातात धरून चालत घरी परत आले. बाबा बाल्कनीतून बघत होते. काही बोलले नाहीत.

ऑफिसातला एक मित्र ठाण्याला राहतो. त्यानं सांगितलं, सरळ येऊरला ये, ट्रॅफिकची भीती तिथं मोडेल. ठाण्याच्या सायकलवाल्यांचं ते माहेरच. उपवन तलावाशी शहर संपतं, फाटक ओलांडलं की रस्ता संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात चढायला लागतो. चढ लहानच, पण वळणांचा, दोन्ही बाजूंनी झाडं. मी डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत सायकल मित्राच्या गाडीच्या डिकीत घालून नेली, हेही कबूल करते. येऊरनं मला चढ परत दिला. दम लागतो तेव्हा भीती वाटायला जागाच उरत नाही. पण रविवारी सकाळी तिथं इतके लोक येतात की झाडांखाली आपण एका वेगळ्या गर्दीत असतो. आणि दर वेळी डिकी कोण देणार?

माझ्या घरापासून निघणारा एक रस्ता मला हवा होता.

तो मला पाइपनं दाखवला. काटई नाक्यावरून खोणी, नेवाळीमार्गे बदलापूरला जाणाऱ्या रस्त्याला आमच्याकडे सगळे 'पाइपलाइन रोड' म्हणतात, कारण त्याच्या कडेनं एमआयडीसीच्या मोठाल्या जलवाहिन्या जातात. बारवीचं पाणी धरणातून नदीत सोडतात, पुढे नदीतून उचलून जांभूळच्या केंद्रात शुद्ध करतात, आणि मग ते अशा वाहिन्यांमधून डोंबिवलीकडे येतं. मी नकाशावर बोट ठेवून उलटी गेले. काटई, खोणी, नेवाळी, बदलापूर, मुळगाव, बारवी. नळापासून धरणापर्यंत साधारण तेहतीस-चौतीस किलोमीटर. जाऊन-येऊन सत्तरच्या आत. जोर असेल तर तसंच पुढे मुरबाडला निघून कल्याणमार्गे परत यायचं, मग नव्वदच्या वर जातं.

या रस्त्याचा पहिला अर्धा भाग शांत नाही, हे आधीच सांगते. पहाटे पाचला निघालात तरच तो शांत असतो. सातनंतर डंपर सुरू होतात. मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा, दोन्ही हवेत. एक जादा ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या हव्यात, कारण नेवाळीनंतर पंक्चरवाला सापडेल, पण त्या वेळी तो झोपलेला असतो.

खोणी सोडलं की उजव्या हाताला मलंगगड दिसायला लागतो. अंधारात आधी त्याची कड तेवढी दिसते, मग हळूहळू सुळके सुटे होतात. नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी विमानांची धावपट्टी केली होती. त्या जमिनीसाठी इथल्या शेतकऱ्यांनी २०१७ च्या जूनमध्ये आंदोलन केलं, रस्ते अडवले, गाड्या जळल्या. तेव्हा मी कॉलेजात होते आणि त्या बातमीचा माझ्यासाठी अर्थ इतकाच होता की आज रिक्षा मिळणार नाही. आता तिथून सायकलवर जाताना दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जमिनीकडे बघत जाते. गाडीतून ती जमीन रिकामी दिसते. सायकलवरून तिच्यातले बांध दिसतात.

वाट थोडी वाकडी केली तर अंबरनाथचं शिवमंदिर पाहता येतं. १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. पहाटे तिथं फुलवाल्या बायका आणि कबुतरं सोडून कुणी नसतं. मी दर वेळी जात नाही, पण पहिल्या वेळी गेले होते, नवस फेडावा तशी.

मग बदलापूर. इथं घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं सांगतात. खरं-खोटं माहीत नाही, पण मी तिथं चहाला थांबते आणि पाय बदलून घेते. या गावात दिशांची एक गंमत आहे. पुलावरून रुळांपलीकडे 'बदलापूर पश्चिम'ला उतरायचं आणि बारवीकडे वळायचं, तर उगवता सूर्य नेमका तोंडावर येतो. कल्याणला रेल्वे वळते, पण पूर्व-पश्चिमेच्या पाट्या वळत नाहीत. आयुष्यभर लोकलनं फिरलेल्या माणसाला आपल्या जिल्ह्याच्या दिशा सायकलवर बसल्यावर कळतात, त्या अशा.

पुढे उल्हास नदी. डिसेंबरात ती पुलाखाली कुठंतरी मुकाट्यानं वाहत असते. २७ जुलै २०१९ ला हिनंच बदलापूर-वांगणी पट्ट्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवून धरली होती. हजारभर माणसं बोटींनी काढावी लागली. पुलावर थांबून खाली बघितलं तर पटत नाही.

नदी मागे पडली की रस्ता बदलतो. मुळगावच्या डोंगरावर खंडोबाचं देऊळ दिसतं आणि त्यानंतर दुकानं विरळ होत जातात. मग झाडी. साग, ऐन, कुडा, मधेच मोह, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडून लालभडक उभे असलेले पळस. रस्ता लहान लहान चढांनी वर जातो. मोठा घाट नाही, एक चढ संपला की थोडा उतार, परत चढ. मागचं सगळ्यात हलकं गिअर टाकायचं आणि पुढच्या वळणाकडे न बघता पुढच्या झाडाकडे बघायचं. इथं मला पहिल्यांदा माझ्या चेनचा आवाज ऐकू आला. पहिल्याच वेळी, एका चढावर, मागून एस.टी. आली. मी कडेला सरकले, ड्रायव्हरनं हॉर्न न वाजवता गाडी सावकाश बाजूनं काढली, आणि मी रडले. दोन मिनिटंच. मग पाणी प्यायले. आमच्याच नळाचं.

आता दुसरी गोष्ट. शांत रस्त्याबद्दल लिहिणारे बहुतेक पुरुष असतात, त्यामुळे ती लिहिली जात नाही.

शांत म्हणजे गाड्या नाहीत. आणि शांत म्हणजे हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. एकाच रस्त्याची ही दोन्ही नावं आहेत, आणि कुठलं कधी खरं ठरेल ते आपल्या हातात नसतं. या जंगलात बिबट्या आहे, पण आईला बिबट्याची भीती वाटत नाही. मलाही नाही. फेब्रुवारीत एकदा दोघं बाइकवर मागून आले, बाजूनं चालवत राहिले, काहीबाही विचारत राहिले, पुढे जाऊन वळणावर थांबले. मी वळणाच्या अलीकडे थांबले. चढावर सायकलचा वेग किती असतो ते त्यांनाही कळत होतं, मलाही. दहा-बारा मिनिटांनी डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या चार बायका जंगलातून रस्त्यावर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वळणाकडे पाहिलं आणि काही न विचारता माझ्याबरोबर चालायला लागल्या. मी सायकल हातात घेतली. आम्ही वळण पार केलं तेव्हा बाइक निघून गेली होती. एकीनं फक्त एवढं विचारलं, "ही गाडी चालवायला पैशे भेटतात का?"

मी नाही म्हटल्यावर त्या खूप हसल्या.

घरी मी हे सांगितलं नाही. इथं पहिल्यांदाच लिहिते आहे. आईनं वाचलं तर नळ तुटेल.

रस्त्याची तिसरी शांतता मला या जूनच्या पहिल्या रविवारी कळली.

धरणाच्या भिंतीवर जाता येत नाही. पावसाळ्यात तर पर्यटनबंदीचे आदेशही निघतात, आणि ते बरोबरच आहे, कारण दर वर्षी कुणीतरी बुडतं. पण रस्त्यावरून झाडांतून मधेमधे पाणी दिसतं. डिसेंबरात मी पाहिलं तेव्हा ते डोंगरांच्या पायात घट्ट भरलेलं होतं. जूनमध्ये ते पार खाली गेलं होतं. कडेनं लाल मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला, त्यावर जुन्या काठाच्या रेघा.

वळणावर एक बाई शेवळं आणि जांभळं घेऊन बसली होती. पहिला पाऊस शिंपडला की शेवळाचे कोंब जमिनीतून वर येतात आणि जेमतेम तीन-चार आठवडे मिळतात. मी उतरले.

"कुठशी आलीस बाय?"

"डोंबिवलीहून, मावशी."

"यावरनं?" तिनं सायकलकडे पाहिलं. "गाडी नाय भेटली?"

मी जांभळं घेतली. बदलापूरच्या जांभळाला आता जीआय मानांकन आहे, त्याची पाटी शहरात लागते. इथं ती पळसाच्या पानावर वीस रुपयांना मिळतात. खाता खाता सहज म्हटलं, किती शांत आहे ना इथं.

तिनं खाली हात केला. "पयले नव्हतं. तिथं आमचं गाव होतं. आता पानी उतरलंय ना, जोती दिसतात बघ."

मला आधी दिसली नाहीत. मग दिसली. लाल मातीत दगडांचे चौकोन. एक, दोन, मग बरेच. घरांची जोती. एका जोत्याच्या पुढे दगडाच्या दोन पायऱ्या होत्या, पाण्यात उतरणाऱ्या.

एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ मध्ये स्थापन झालं. कारखाने आले, त्यांना पाणी हवं होतं, म्हणून बारवीवर धरण झालं. मग कारखान्यांभोवती आमच्यासारखी माणसं वाढली आणि तेच पाणी डोंबिवली, अंबरनाथपासून मीरा-भाईंदरपर्यंत जायला लागलं. पुरेना म्हणून धरणाची उंची वाढवली. पाणी वर चढलं आणि तोंडली, मोहघर, काचकोली अशी गावं उठली. लोकांनी मोबदल्यासाठी आणि पुनर्वसनासाठी बरीच वर्षं झगडा केला. शेवटी घरटी एकाला नोकरी द्यायचं ठरलं, महामंडळात किंवा हे पाणी घेणाऱ्या महापालिका-नगरपालिकांमध्ये. म्हणजे ज्यांचं गाव पाण्याखाली गेलं, त्यांच्या घरातला एक जण त्या पाण्याच्या मागून शहरात आला.

हे काही एकट्या बारवीचं नाही. आपला ठाणे जिल्हा मुंबईचा माठ आहे. तानसा १८९२ चं, मोडक सागर १९५७ चं, मग भातसा. मुंबईला लागतं त्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसातून जातं. आणि ही धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. सायकलवाल्यांच्या यादीत तानसाचा रस्ताही असतो. अभयारण्य, तलाव, वाहनं नाहीत. मीही तिथं जाणार आहे. पण आता 'वाहनं नाहीत' असं वाचलं की मी विचारते, माणसं कुठं गेली? जो रस्ता मला माझ्या भीतीतून बाहेर काढायला उपयोगी पडला, त्याच्या शांततेत त्या मावशीचं अंगण आहे.

हे सगळं मी तिला बोलले नाही. काय बोलणार होते? तिनंच विचारलं, "तुमच्याकडं पानी किती टाइम येतं?"

"पहाटे दीड तास," मी म्हटलं. आणि सवयीनं पुढे म्हणाले, "प्रेशर कमी असतं पण."

शब्द तोंडातून गेल्यावर कान गरम झाले. तिला काही वाटलं नाही. ती म्हणाली, "आमच्याकडं हापसा हाय. या दिसांत तो पन खोकतो." आणि शेवळाची जुडी माझ्या हातात दिली. मी पैसे काढले तेव्हा वर मूठभर काकडं टाकली, छोटी हिरवी फळं. "ही चेचून घाल भाजीत. नाय घातलीस तर घसा धरंल. आईला सांग."

परतीचा रस्ता उताराचा. खाली येताना पाइप दिसायला लागले तेव्हा मी त्यांच्या बाजूनं, पाण्याच्या दिशेनं चालवत होते. कुठला वेग जास्त, माझा की आतल्या पाण्याचा, याचा हिशोब करत नेवाळीपर्यंत आले. मग डंपर आले आणि हिशोब सुटला. हात थोडे थरथरले. सायकल थांबवली नाही.

घरी बाबा बाल्कनीत पेपर घेऊन बसले होते. "एकोणतीस टक्के," ते म्हणाले. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो मोठा केला, परत लहान केला.

"हे काय चौकोन?"

"घरं होती."

बराच वेळ त्यांनी फोन परत दिला नाही. मग म्हणाले, "आमच्या खात्यात एक मुरबाडकडचा होता. सुट्टी मागायचा सारखा. गावचं काम आहे म्हणायचा. आम्ही चेष्टा करायचो, एवढं काय काम असतं रे तुझं गावाला." फोन दिला आणि विचारलं, "स्कूटरनं किती वेळ लागेल?"

"तास-सव्वा तास. पण पाचला निघावं लागेल."

"पाण्यानं जाग येतेच," ते म्हणाले.

आईनं शेवळं केली. तिची आई करायची, पण तिनं स्वतः कधी केली नव्हती. कोलंबी घातली, वाटण चांगलं झालं होतं, पण काकडं तिनं तीनच घातली. आंबट होईल म्हणाली. दोन घास छान लागले. तिसऱ्या घासाला तिघांचेही घसे खवखवायला लागले. आधी आई हसली, मग बाबांना ठसका लागला.

मी उठले आणि माठातून तीन पेले पाणी भरून आणलं.